कोशकार आणि चिंचेचं झाड

माघ सरता सरता उज्जैनच्या रामघाटावर सकाळी गेलं, की माणसांच्या आधी धोब्याशी गाठ पडते. हा धोबी म्हणजे पक्षी. काळापांढरा, चिमणीहून जरा लांबट, शेपटी सारखी वरखाली आपटत ओल्या दगडांवरून तुरुतुरु धावणारा. थंडीपुरता उत्तरेकडून येतो आणि ऊन तापू लागलं की परततो. पायरीवर शेजारी बसलेल्या इथल्याच एका निवृत्त संस्कृत शिक्षकांनी त्याला 'खंजन' म्हटलं. मी म्हटलं, आमच्याकडे धोबी किंवा परीट. त्यांना ते फार आवडलं. नदीकाठचा दगड, त्यावर आपटण्याची क्रिया, एवढं पाहून कुणीतरी नाव ठेवलं आणि ते चाललं. हजारो मैलांवर फ्रेंच लोकांनीही याच पाखराला धुणं धुणारीचं नाव दिलं होतं, 'लावांदिएर'. दोघांनी एकमेकांना विचारलेलं नव्हतं.

वरच्या अंगाला एक जण टोपलीत चिंचा आणि बोरं घेऊन बसला होता. जळगावकडच्या एक आजी यात्रेला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "चिंच कशी दिली रे भाऊ?" तो म्हणाला, "इमली? चख के देखो, माताजी." पुढचा सौदा दोन भाषांत बिनतक्रार पार पडला.

मनात घोळत असलेला एक जुना प्रश्न त्या टोपलीपाशी पुन्हा वर आला. माणसं भाषा घडवतात. कुणी सगळ्या जगासाठी, कुणी राज्यकारभारासाठी, कुणी शास्त्रासाठी, कुणी पोलिसाला कळू नये म्हणून. बसल्या जागी शब्द पाडायचे, तर न्यायाधीश, सेनापती, अर्थसंकल्प यांना अडचण नसते. पण चिंच, पावशा, ओढा, मावशी, चिंचोका? हे शब्द घडवणारा कुठून आणतो? मला आजवर जे दिसलं त्यावरून माझं मत असं झालं आहे, की भाषा घडवणाऱ्याला इथे लोकांच्या दारात जावंच लागतं. गेला, तर त्याचा शब्द जगतो. नाही गेला, तर कोशात पडून राहतो.

उज्जैनपासून सुरुवात करायला कारण आहे. अमरकोशाचा कर्ता अमरसिंह हा विक्रमाच्या नवरत्नांपैकी एक, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. तिचा इतिहास फार ताणू नये, हेही खरं. पण राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त उज्जयिनीत कवींची परीक्षा होत असे म्हणून जी नावं येतात, त्यांत कालिदासाबरोबर 'अमर' हेही आहे. अमरकोश पाठ करणाऱ्या मुलाला वाटतं, की ही सगळी देवभाषा, वरून आलेली. पण दुसऱ्या कांडातला वनौषधिवर्ग काढून पाहा. कोशातला हा सर्वांत ऐसपैस वर्गांपैकी एक. स्वर्गाला जेवढी जागा लागली नाही तेवढी झाडाझुडपांनी घेतली आहे. आणि त्या नावांतली कितीतरी संस्कृत धातूंतून निघतच नाहीत. चंदन आणि पनस हे शब्द द्राविडी भाषांतून आले, असं भाषाशास्त्रज्ञ टी. बरो यांनी मांडलं. कदली, तांबूल यांचं मूळ मुंडा आणि तिच्या नात्यातल्या भाषांकडे नेणारे अभ्यासक आहेत. प्रत्येक व्युत्पत्तीवर वाद होऊ शकतो, पण दिशा एकच दिसते: यज्ञाचे शब्द संस्कृताबरोबर आले, फणसाचा शब्द फणसाखाली राहणाऱ्या माणसाकडून घ्यावा लागला.

आता आजींची चिंच. अमराने या झाडाला दिलेल्या नावांत 'चिंचा'ही आहे आणि 'अम्लिका'ही, जवळजवळ खांद्याला खांदा लावून. मराठीने पहिलं उचललं, हिंदी-माळवीने दुसरं, त्याचं झालं इमली. म्हणजे टोपलीपाशी जो सौदा झाला तो एकाच श्लोकाच्या दोन शेजाऱ्यांमध्ये झाला. अम्लिका हे समजून-उमजून केलेलं नाव आहे, आंबट ती अम्लिका. चिंचा मात्र काही सांगत नाही, फक्त तोंडाला पाणी आणते.

समोरच्या नदीचंही हेच आहे. सरकारी पाट्यांवर कुठे शिप्रा, कुठे क्षिप्रा. क्षिप्र म्हणजे वेगवान; त्यावरून नदीचं नाव शुद्ध करून सांगणारे घाटावर पुष्कळ भेटतात. नदी बिचारी संथ. २०१४ पासून तिच्यात ओंकारेश्वराकडून नर्मदेचं पाणी उचलून आणून सोडतात, तेव्हा सिंहस्थाचं स्नान साधतं. नावाला अर्थ चिकटवण्याची ही हौस आपल्या विद्वानांत जुनी आहे. जीभ मात्र शिप्राच म्हणते.

भाषा ठरवून घडवण्याचा युरोपातला उद्योग इथे थोडक्यात पाहू, कारण तिथे हा पेच उघडा दिसतो. १८७९ च्या सुमारास श्लायर नावाच्या जर्मन धर्मगुरूने व्होलाप्यूक रचली. चिन्यांना, मुलांना, म्हाताऱ्यांना 'र' जड जातो म्हणून त्याने तो शक्य तिथे टाळला. परिणामी 'रोझ'चं झालं 'लोल'. गुलाब उरला, पण त्याचा वास घेऊन ओळखावा अशी सोय राहिली नाही. १८८७ मध्ये वॉर्सातल्या झामेनहॉफ या डोळ्यांच्या डॉक्टरने एस्पेरांतो आणली. त्याने नवं नाव पाडण्याऐवजी चालू भाषांतून उसनवारी केली: पक्षी 'बिर्दो' इंग्रजीतून, कुत्रा 'हुंदो' जर्मनमधून, झाड 'आर्बो' लॅटिनच्या घरातून. हे शहाणपणच होतं. गाडी अडली ती घरात आणि गोठ्यात. आई म्हणजे 'पात्रीनो', बाप या शब्दाला स्त्रीप्रत्यय लावून केलेली. गाय म्हणजे 'बोवीनो'. हिशेब चोख आहे, पण ज्या भाषेत गायीला 'बैलीण' म्हणावं लागतं ती आमच्या शेतकऱ्याच्या गळी कशी उतरवणार? गाय-बैल, म्हैस-रेडा, शेळी-बोकड अशा जोड्यांत दोन वेगळे शब्द आहेत, कारण दोघांचं काम, किंमत आणि नशीब वेगळं आहे. एस्पेरांतोत काका-मामा दोघांना मिळून एक 'ओंक्लो' आहे. गंमत अशी, की मार्क ओक्रँड यांनी चित्रपटातल्या लढाऊ परग्रहवासीयांसाठी रचलेल्या क्लिंगॉनमध्ये काका आणि मामा यांना स्वतंत्र शब्द आहेत. विश्वबंधुत्वाच्या भाषेला मामा सापडला नाही, लढवय्यांना सापडला!

सोन्या लँग यांची 'तोकी पोना' २००१ मधली, शे-सव्वाशे शब्दांची. सगळे पक्षी 'वासो', सगळे मासे 'काला', जमिनीवरचे सगळे सस्तन प्राणी 'सोवेली'. मासा फिनिशमधून आला, पक्षी फ्रेंचमधून, प्राणी जॉर्जियनमधून, सरडे-बेडकांसाठीचा 'आकेसी' डचमधून. इतक्या कमी शब्दांतही निसर्गासाठी चार देश हिंडावे लागले. कादंबरीकार टोल्किन यांची तऱ्हा निराळी. त्यांनी आधी धातू कल्पिला, मग शतकानुशतकांत तो कसा झिजला असेल तेही कल्पिलं. झाडाला एका भाषेत 'आल्दा', तिच्या बहिणीत 'गालाध', दोन्ही एकाच मुळातून. म्हणजे त्यांनी शब्द घडवला नाही, शब्दाचं म्हातारपण घडवलं. माझ्या मते कल्पित भाषांत झाडांची नावं खरी वाटतात ती फक्त इथे. लोकांकडे गेले नाहीत, पण लोक लागतातच हे त्यांना कळलं होतं, म्हणून त्यांनी लोकच निर्माण केले.

आता आपल्याकडे. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला, १६७७ च्या सुमारास. दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द, अमरकोशाच्या वळणाने, श्लोकांत, दहा वर्गांत: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग. वर्गांची नावंच पुरेशी बोलकी आहेत. किल्ला आहे, तख्त आहे, बाजार आहे. वनौषधिवर्ग नाही, पशुपक्ष्यांचा सिंहादिवर्ग नाही. अमराचा नमुना समोर असूनही हे दोन वर्ग गळले, कारण त्या बाजूने धोका नव्हता. मुजुमदाराचा अमात्य झाला, सरनौबताचा सेनापती झाला. बाग बागच राहिली, गुलाब गुलाबच, बदाम, अंजीर, टरबूज सगळे फारसी पाहुणे घरचे होऊन बसले. पदांच्या शब्दांतही लोकांनी आपलंच चालवलं: शिक्क्यावर 'प्रधान' असलेला माणूस सगळ्या मराठी मुलखात पेशवाच राहिला.

सावरकरांच्या भाषाशुद्धीनेही असंच केलं. दिनांक, क्रमांक, महापौर, नगरपालिका, दिग्दर्शक, मध्यंतर, हुतात्मा, नभोवाणी. हे शब्द आपण इतके सहज वापरतो, की त्यांना जन्मतारीख आहे हे विसरतो. यादी चाळून पाहा: चित्रपटगृह, कचेरी, शाळा, सैन्य. पाखरू एकही नाही. फाउंटनपेनला 'झरणी' हा शब्द मात्र मला त्या सगळ्यांत गोड वाटतो. झरा, झरणं यांच्या घरातला, अगदी ओढ्याकाठचा. आणि नेमका तोच चालला नाही! (पेन आधीच खिशात बसलं होतं, हे त्याचं कारण. वस्तू नावासकट आली की प्रतिशब्दाला जागा नसते.) पुढे महाराष्ट्र झाल्यावर शासनाचा 'पदनाम कोश' आला आणि आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' करून टाकलं. मला ती थट्टा थोडी अन्यायाची वाटते, कारण त्यातले कितीतरी शब्द आज आपल्या जिभेवर आहेत. अवघड झालं ते शाळेच्या जीवशास्त्रात. पुंकेसर, निदल, प्रकाशसंश्लेषण यांना पर्याय नव्हता, कारण त्या कल्पनाच बाहेरून आल्या होत्या. पण 'बी' या एका शब्दाला 'बीज' करून पाठ्यपुस्तक मोकळं झालं, तेव्हा मुलाच्या घरी आंब्याची कोय होती, फणसाची आठळी होती, चिंचेचा चिंचोका होता, सरकी होती. एवढं बारीक वर्गीकरण कुठल्याही समितीने केलेलं नाही.

शाळेच्या व्याकरणातली 'देशी शब्दां'ची यादी आठवा. संस्कृतातून निघत नाहीत ते देशी: झाड, दगड, धोंडा, चिमणी, ढेकूण. यातला एखादा शब्द पुढे संस्कृताशी जोडता येईलही, पण यादीचा तोंडवळा पाहा, अंगणात उभं राहून केल्यासारखी आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने गुजरातेत 'देशीनाममाला' रचली, ती याच शब्दांसाठी. त्यात 'झाड' आहे, पण अर्थ वेलींची दाट जाळी असा. सबंध मराठीत सर्वांत मोठा झालेला हा शब्द आधी झुडपातच राहत होता. हेमचंद्रासारख्या पंडिताने असे शब्द गोळा करायला बसावं, हे मला अमरकोशाइतकंच मोठं काम वाटतं.

गुप्त भाषांबद्दल फार न लांबवता सांगतो. आमच्या लहानपणी 'च'ची भाषा होती. नदी म्हणजे 'चदीन', झाड म्हणजे 'चाडझ'. शब्द नवा नाही, फक्त टोपी फिरवलेली. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा अकरावा खंड १९२२ चा, भटक्या जमातींच्या भाषांवर आहे. कोल्हाटी, गारुडी अशा बोलींची जी सामग्री त्यात आहे, तिथेही हीच युक्ती पुन्हा पुन्हा दिसते: रोजचा शब्द घ्यायचा, पुढे एखादं अक्षर चिकटवायचं किंवा मधलं बदलायचं. गणेश देवी यांच्या लोकभाषा सर्वेक्षणाचा अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्राचा खंड २०१३ मध्ये आला, तेव्हा या बोलींना 'चोरट्यांची भाषा' हा डाग पुसून भाषा म्हणून जागा मिळाली. गोंधळ्यांची करपल्लवी तर बोटांच्या खुणांचीच. जगण्यासाठी घडवलेल्या या भाषांत नवं झाड कुणी निर्माण करत नाही. झाड सगळ्यांना दिसतं; लपवायचा असतो तो व्यवहार.

या प्रश्नाची खरी कसोटी मात्र विदर्भात लागली, आणि मला त्याबद्दल जास्त बोलायचं आहे.

कोशकार डॉ. रघुवीर लाहोरहून नागपूरला आले ते १९४६ च्या सुमारास. वीस उपसर्ग, पाचएकशे धातू आणि प्रत्यय यांच्या गणिताने लाखो शब्द पाडता येतात, असा त्यांचा विश्वास होता आणि त्यांनी ते करूनही दाखवलं. त्यांच्या नावावर खपवलेले 'कंठलंगोट' छापाचे विनोद सोडून द्या. 'संसद'पासून 'विधेयक'पर्यंतच्या परिभाषेला त्या काळच्या या खटाटोपानेच बळ दिलं. पण १९४९ मध्ये त्यांनी आणि के. एन. दवे यांनी भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनमधल्या पक्ष्यांची भारतीय शास्त्रीय नामावली काढली. प्रत्येक पाखराला संस्कृत नाव! दवे हा कमालीचा माणूस. जुन्या संस्कृत ग्रंथांतला कुठला पक्षी म्हणजे आजचा नेमका कोणता, हे शोधण्यात त्यांनी आयुष्य घातलं. 'बर्ड्स इन संस्कृत लिटरेचर' हा त्यांचा ग्रंथ १९८५ मध्ये आला आणि अजून त्याला तोड नाही. शोध म्हणून ते काम अव्वल आहे. नामावली म्हणून ती रानात उतरली नाही. दुर्बीण लावून बसलेला मराठी पोरगा आजही माळढोक, शिंपी, खंड्या, सातभाई, सुगरण म्हणतो. (सुगरणीचं घरटं विणतो नर, पण नाव मिळालं बाईला. लोक चुकतात, पण चुकताना कुणाचं काम नजरेसमोर होतं ते सांगून जातात.)

पावशाचं उदाहरण घ्या. मृगाच्या तोंडावर ओरडणारा हा पक्षी आमच्या शेतकऱ्याला 'पेरते व्हा' म्हणतो. इथे माळव्यात आणि पुढे हिंदी मुलखात तोच 'पी कहाँ' विचारतो, म्हणून पपीहा. इंग्रज साहेबाला उकाड्यात त्याच आवाजात 'ब्रेन फीव्हर' ऐकू आलं. पक्षी एक, सूर एक. एकाला पेरणीची घाई, एकीला विरह, एकाला ज्वर. ही तिन्ही नावं घडवलेलीच आहेत, फक्त घडवणाऱ्याची सही नाही. म्हणून 'लोकांचा शब्द नैसर्गिक आणि कोशकाराचा कृत्रिम' ही वाटणी मला पूर्ण पटत नाही. दोघेही घडवतात. एकाने आधी ऐकलेलं असतं, एवढाच फरक.

आणि मारुती चितमपल्ली यांनी आधी ऐकलं. वनखात्यातली नोकरी, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. नवेगावच्या माधवराव पाटलांसारखी जंगल पाठ असलेली माणसं, ढीवर, गोंड, पारधी. त्यांच्या तोंडून नावं उतरवून घेत त्यांनी 'पक्षिकोशा'पर्यंतचं काम उभं केलं. जिथे लोकांकडे शब्द नव्हता तिथे त्यांनी स्वतः घडवला: कावळ्यांच्या वसतीला 'काकागार', बगळ्या-करकोच्यांच्या वसतीला 'सारंगागार'. पाहायला गेलं तर हे रघुवीरांसारखेच संस्कृत समास. मग हे का रुळले? मला वाटतं, त्या 'आगार'मुळे. कोकणात मिठागर आहे, नारळी-पोफळीचं आगर आहे, आणि प्रत्येक तालुक्याला एस.टी.चं आगार आहे, जिथे संध्याकाळी सगळ्या गाड्या परततात. काकागार म्हटलं की चित्र आपोआप उभं राहतं. २०२५ च्या जूनमध्ये चितमपल्ली सोलापुरात वारले, तोवर हे शब्द वर्तमानपत्रांत कुणाच्या नावाशिवाय छापून येऊ लागले होते. शब्दाच्या बाबतीत याहून मोठा सन्मान मला माहीत नाही.

राहता राहिली ती जगातली सर्वांत यशस्वी घडवलेली भाषा. तिला कुणी तसं म्हणत नाही. लिनियसने १७५३ मध्ये पक्की केलेली वनस्पतिशास्त्राची लॅटिन. कुणाची मातृभाषा नाही, पण कोचीपासून क्योटोपर्यंत चालते. तिचे शब्द कुठून आले? मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलाबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ लिनियसच्या हाताशी होता. कोचीचा डच अधिकारी व्हान र्‍हीडे याने तो १६७८ पासून ॲमस्टरडॅमला छापला. माहिती इट्टी अच्युतन या वैद्याची आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांची. त्यांचं नागरी लिपीतलं कोंकणी निवेदन पहिल्याच खंडात आहे. म्हणजे स्वराज्यात फारसी शब्द बाहेर काढणारा कोश तयार होत होता, त्याच सुमारास कोचीत कोंकणी माणसं झाडांची नावं एका परक्या भाषेच्या पदरात घालत होती. दोन्ही कामं शब्दांचीच. त्या परक्या भाषेत आज अर्जुन आहे, 'टर्मिनेलिया अर्जुना'. अशोक आहे, 'सराका अशोका'. आणि सह्याद्रीत सात वर्षांनी फुलणारी कारवी 'कार्व्हिया' होऊन बसली आहे.

चिंचही त्यात आहे, 'टॅमरिंडस इंडिका'. झाड मुळात आफ्रिकेतलं, असं वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. भारतात ते इतकं रुजलं, की अरबांनी त्याला 'तमर-हिंदी' म्हटलं, हिंदचा खजूर. त्या अरबी नावाचं लॅटिन झालं आणि लिनियसने पुढे पुन्हा 'इंडिका' जोडलं. हिंदुस्थानी हिंदुस्थानी खजूर, आणि यांतला खजूर तेवढा खोटा.

ऊन वर आलं होतं. धोबी पलीकडच्या पायऱ्यांवर गेला होता. आजींनी चिंच खाऊन चिंचोके पदराच्या गाठीला बांधले, नातीला सारीपाटासाठी. मी टोपलीवाल्याला विचारलं, याला तुम्ही काय म्हणता? तो म्हणाला, "चीयां." हिंदी कोश या शब्दाचं मूळ 'चिंचा' असंच देतात. झाड अम्लिकेकडे गेलं होतं, बी मात्र चिंचेचीच राहिली होती. आजींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग? बी कुठं बदलती का?" आणि गाठ घट्ट करून देवळाकडे चढू लागल्या.